चुलीचा धूर जास्त विषारी की बोटीचा?

वाचकाचं पत्र (जागेसाठी थोडं आटोपतं करून):

नमस्कार. मी मालवण तालुक्यात किनाऱ्यावरच्या गावात राहते. आमचे हे मच्छीमारी बोटीवर तांडेल आहेत. मुलगा सात वर्षांचा आहे. त्याला दमा असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं आणि पंप दिला. घरात गॅस आहे, पण सासूबाई पेज, भात आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच करतात. ह्यांचं म्हणणं, पोराच्या खोकल्याचं मूळ ती चूल. सासूबाई म्हणतात, ‘लाकडाच्या धुरान आजपर्यंत कोण मेलो? इख असता ता त्या डिझेलात!’ सुट्टीच्या दिवशी मुलगा बापाबरोबर जेटीवर जातो आणि बोट सुटेपर्यंत इंजिनाशेजारी उभा असतो, हेही खरं. मुंबईच्या भाऊजींनी हवा मोजायचं छोटं यंत्र आणून दिलं. चुलीजवळ ठेवलं तर एकदा ३८ आकडा आला. जुलैत चूल विझलेली होती, बाहेर पाऊस कोसळत होता, तेव्हा ९० च्या वर. सगळे हसले आणि यंत्र कपाटात गेलं. मुलाचा खोकला वाढला की सासूबाई त्याला ओव्याची धुरी देतात. त्यांना स्वतःला सकाळी खोकल्याची उबळ येते, पण तो खोकला जुनाच आहे. मला एवढंच सांगा, कोणाचं म्हणणं खरं? जास्त विषारी काजळी कुठली?

उत्तर:

ताई,

निवाड्याकडे येते, पण मुलाचं आधी. रोज घ्यायचा पंप आणि धाप लागल्यावर घ्यायचा पंप हे बहुतेक वेळा वेगळे असतात. रोजचा पंप फुप्फुसातली सूज उतरवतो, म्हणून मुलगा बरा दिसत असला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो थांबवू नका. पंपाची सवय लागते म्हणून तो लपवून ठेवणारी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्याची किंमत मुलं मोजतात. पंपाचं व्यसन लागत नाही. ओव्याची धुरी मात्र आजच बंद करा. दम्याच्या मुलाला धूर हुंगायला देणं म्हणजे सुजलेल्या नळीवर पुन्हा तेच घालणं. ओवा घरात आहेच, तर तो कढणात घाला.

आता वाद. तुमच्या घरात दोघंही दुसऱ्याच्या धुराबद्दल खरं बोलतात आणि आपापल्या धुराबद्दल चुकतात. लाकडाचा की डिझेलचा, एवढ्यावरून काजळीचं विष ठरत नाही. कण किती बारीक आहे, जळताना त्याच्या अंगावर काय काय चढलं आणि तो फुप्फुसात किती वेळा पोचतो, यावर ते ठरतं. यातली मधली गोष्ट रसायनशास्त्राची आहे. तिच्याबद्दल घरात कोणी बोलत नाही, म्हणून मी तिथेच जास्त थांबणार आहे.

लाकूड असो की डिझेल, ज्योतीत शिरलं की उष्णतेने त्याचे रेणू तुटतात. पुरेसा ऑक्सिजन मिळाला तर त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होऊन विषय संपतो. पण ज्योतीच्या पोटात, जिथे हवा पोचत नाही, तिथे हे तुटके तुकडे एकमेकांना जोडून घेतात. आधी ॲसिटिलीनसारखे लहान रेणू, मग सहा कार्बनचं बेंझिनचं कडं, मग कड्याला कडं. असे अनेक कड्यांचे चपटे रेणू एकत्र येऊन साधारण १० ते ५० नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) गोळे होतात, आणि गोळ्याला गोळा चिकटून वेड्यावाकड्या साखळ्या. हीच काजळी. चुलीतली ज्योत पिवळी दिसते ती हेच कण तापून उजळतात म्हणून. गॅसची ज्योत निळी असते, कारण हवा आधीच मिसळलेली असल्यामुळे तिच्यात हे कण जवळजवळ तयारच होत नाहीत. इंधनात मुळातच अशी कडी असतील तर काजळी जास्त. मे महिन्यात अंगणात काजूबिया भाजताना जो काळाकुट्ट धूर उठतो तो टरफलातल्या तेलाचा. त्या तेलातल्या जवळजवळ प्रत्येक रेणूत बेंझिनचं कडं बसलेलं असतं. पोरं त्या धुराभोवतीच गोळा होतात. तुमच्या मुलाला तिथून लांब ठेवा.

१०० नॅनोमीटरपेक्षा लहान कणांना अतिसूक्ष्म कण म्हणतात. माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर) धरली, तर असे ७०० कण ओळीने ठेवल्यावर ती भरेल. बातम्यांत येणारं ‘पीएम २.५’ म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतच्या सगळ्या कणांचं मिळून वजन, आणि घोळ वजनात आहे. २.५ मायक्रॉनचा एक कण आणि १०० नॅनोमीटरचे १५,६२५ कण यांचं वजन सारखंच भरतं. पण त्या बारीक कणांचा मिळून पृष्ठभाग २५ पट होतो. नारळाची वाटी खवून पातेल्यात घातली की रस किती भरभर सुटतो ते तुम्ही रोज बघता, आणि वाटी तशीच टाकली तर काय होतं तेही. खोबरं तेवढंच असतं, उघडं पडलेलं अंग वाढतं. फुप्फुसातली पेशी कणाच्या वजनाला भेटत नाही, त्याच्या अंगाला भेटते. शिवाय २० नॅनोमीटरच्या आसपासचे कण श्वासाबरोबर थेट तळाच्या वायुकोशांपर्यंत जातात आणि त्यांतले निम्म्याच्या आसपास तिथेच बसतात. नाकातले केस, घशातला चिकटा, खोकला, यांतलं काही त्यांना नीट अडवू शकत नाही.

भाऊजींच्या यंत्राचं कोडंही यातच सुटतं. ही स्वस्तातली यंत्रं कणावर लेसरचा उजेड पाडतात आणि तो किती विखुरला त्यावरून वजनाचा अंदाज करतात. ०.३ मायक्रॉनपेक्षा लहान कण त्यांना जवळजवळ दिसतच नाही. आच चांगली पेटलेली, मागचं दार उघडं, वारा खेळता, अशा वेळी चुलीतून निघणारी काळी काजळी बरीचशी त्या मर्यादेच्या खालची असते, म्हणून ३८. जुलैत मात्र हवेत समुद्राचं मीठ आणि दमटपणा दोन्ही भरपूर. मिठाचे कण पाणी पिऊन फुगतात आणि यंत्र त्या पाण्यालाच धूळ समजून आकडा चढवतं. म्हणजे यंत्राने एकदा विष पाहिलं नाही आणि एकदा पाण्याला विष म्हटलं. तरी ते फेकू नका. दिवाळीनंतर कोरड्या हवेत ते एकाच जागी ठेवून चूल पेटण्याआधी, धुमसताना आणि विझल्यावर बघितलं तर फरक कळेल. त्या फरकाला अर्थ आहे, सुट्या आकड्याला फारसा नाही. तुलनेसाठी सांगते: जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ साठी २४ तासांची मर्यादा घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅम सांगितली, आपल्या देशाच्या २००९ च्या मानकात ती ६० आहे. दोन्ही वजनाच्याच मर्यादा. अतिसूक्ष्म कणांसाठी संघटनेने मर्यादा ठरवली नाही. घनसेंटिमीटरमागे २४ तासांची सरासरी १०,००० कणांच्या वर गेली तर ते प्रमाण जास्त समजावं, एवढं म्हटलं. त्यांची गणती करायला वेगळं, महागडं उपकरण लागतं.

आता अंगावर काय चढतं ते. यासाठी प्रयोगशाळा नको, तुमचं स्वयंपाकघर पुरे. पेजेच्या टोपाच्या बुडावर बोट फिरवा. कोरडी, मखमली, काळीभोर पूड बोटाला लागेल आणि ती सहज झटकली जाईल. मग चुलीच्या वरच्या वाशाला बोट लावा. तिथे तपकिरी, चकचकीत, चिकट थर असतो. तो नखाने खरवडावा लागतो आणि त्याचा उग्र वास हाताला दिवसभर राहतो. चूल एकच, पण माल वेगळा. टोपाच्या बुडाची काजळी भडकत्या ज्योतीतली, म्हणजे बहुतांशी नुसता कार्बन. वाशावरचा थर धुमसणाऱ्या लाकडाचा. आच कमी असते तेव्हा लाकडाचा डीक, डांबर आणि अर्धवट जळलेले रेणू वाफ होऊन निघतात, वर जाताना थंड होतात आणि जो कण भेटेल त्याच्या अंगावर जमतात. वाशावर जे दिसतं त्याच जातीचं लेपण हवेतल्या कणांवरही असतं, आणि ते कण श्वासात जातात.

या लेपणात दोन टोळ्या महत्त्वाच्या. पहिली बहुवलयी हायड्रोकार्बनची, म्हणजे कार्बन-हायड्रोजनच्या त्याच अनेक कड्यांच्या रेणूंची, ज्यांना शास्त्रज्ञ पीएएच म्हणतात. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये लिहून ठेवलं की धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पुढे वृषणाच्या कातडीचा कर्करोग होतो आणि त्याचं कारण काजळी. काजळीतलं नेमकं काय, हे कळायला दीडशे वर्षांहून जास्त काळ गेला. १९३३ मध्ये लंडनमध्येच दगडी कोळशाच्या डांबरातून बेंझोपायरीन हा पाच कड्यांचा रेणू वेगळा काढला गेला. तो स्वतः फारसा आक्रमक नाही. पेशीला तो नको असतो, म्हणून ती आपल्या एन्झाइमांनी त्याला पाण्यात विरघळण्याजोगा करायला जाते आणि त्या खटपटीतच असा पदार्थ तयार होतो की तो डीएनएला घट्ट चिकटतो. घर झाडायला गेलेली पेशी स्वतःच्याच मुळावर येते.

दुसरी टोळी क्विनोनची. पीएएचला ऑक्सिजन लागला की क्विनोन होतात, काही ज्योतीतच, काही पुढे हवेत ऊन आणि ओझोन लागून. क्विनोन पेशीतून एक इलेक्ट्रॉन उचलतो, शेजारच्या ऑक्सिजनला देतो आणि पहिल्यासारखा होऊन पुन्हा इलेक्ट्रॉन उचलायला मोकळा. तो स्वतः खर्च होत नाही, आणि नेमकं हेच भीतीचं कारण आहे. इलेक्ट्रॉन मिळालेला ऑक्सिजन सुपरऑक्साइड होतो, त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि जवळ लोखंड किंवा तांब्याचा अंश असला तर हायड्रॉक्सिल नावाचा रेणू. तो समोर येईल त्यावर तुटून पडतो, मग ते पेशीचं आवरण असो, प्रथिन असो की डीएनए. धातू कुठून येतात? लाकडाच्या राखेतून, इंजिनाच्या झिजेतून आणि वंगणतेलातून.

फुप्फुस हे निमूट सोसत नाही. वायुकोशांवर पाण्याचा पातळ थर असतो, त्यात क जीवनसत्त्व, युरिक आम्ल आणि ग्लुटाथायोन हे राखणदार असतात. आधी ते खर्ची पडतात. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले आंद्रे नेल यांनी पुढच्या पायऱ्या मांडल्या आहेत. मारा थोडा असेल तर पेशी स्वतःची संरक्षक एन्झाइमं वाढवते आणि निभावून नेते. जास्त झाला तर ती सूज आणणारे निरोप धाडते, आणि तुमच्या मुलाची श्वासनळी आवळते ती या पायरीवर. त्याहून जास्त झाला तर पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया कोलमडतात आणि पेशी मरते. दम्याच्या मुलाच्या नळीत आधीच सूज असते, म्हणून दुसरं मूल ज्या धुरात नुसतं डोळे चोळेल त्याच धुरात याला धाप लागते.

लेपण काढून टाकलं तर काजळी निरुपद्रवी होते का? बऱ्याच प्रयोगांत लेपण उतरवल्यावर विषारीपणा उतरला. पण पूर्ण गेला नाही. जवळजवळ शुद्ध कार्बनची अगदी बारीक पूड उंदरांच्या फुप्फुसात घातली तेव्हा त्याच वजनाच्या जाड पुडीपेक्षा जास्त सूज आली. अंग मोठं, हे कारण तिथेही लागू पडतं. हेही लक्षात असू द्या की यातले पुष्कळ प्रयोग बशीत वाढवलेल्या पेशींवर होतात. काजळी द्रवात कालवून त्यांच्यावर ओतली जाते, आणि मात्रा अनेकदा माणसाला मिळते त्याहून खूप मोठी असते. त्यावरून कण काय करू शकतो ते कळतं. तुमच्या मुलाला या महिन्यात काय झालं ते बशीवरून सांगता येत नाही, आणि कोणी तसं छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

डिझेलबद्दल मात्र माणसांवरचा पुरावा आहे, आणि तो गोळा करणाऱ्यांत एक मराठी नाव आहे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि त्यांच्या युरोपातल्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १५ धडधाकट माणसांना तासभर पातळ केलेल्या डिझेलच्या धुरात ठेवलं. नंतर श्वासनळीतले नमुने काढले, तर सूज आणणाऱ्या पेशी तिथे गोळा झालेल्या. फुंकून घेतलेली फुप्फुसाची नेहमीची चाचणी मात्र जशीच्या तशी. हा निष्कर्ष तुमच्या ह्यांना वाचून दाखवा. ‘मला काही होत नाही’ असं म्हणणाऱ्या निरोगी माणसाच्या नळीत तासाभरात काय घडतं ते त्यात आहे. आणि ते जेटीवरच्या मोकळ्या हवेचं नाव पुढे करतील तर सांगा की मोकळ्या हवेत धूर विरतो तो काही अंतर गेल्यावर. अतिसूक्ष्म कण उगमापाशीच सर्वांत दाट असतात. पुढे ते पांगतात आणि एकमेकांना चिकटून मोठे होतात. मुलगा उभा राहतो ती जागाच सगळ्यांत वाईट, आणि थंड इंजिन सुरू होतानाची वेळही.

१ एप्रिल २०२० पासून देशभर पंपावरच्या डिझेलमधलं गंधक दहा लाखांत १० भागांवर आलं. आधी ते ५० होतं. फायदा झालाच, पण डिझेल सुधारलं म्हणून बोटीचं जुनं इंजिन सुधारत नाही, आणि नव्या गाड्यांच्या धुराला असते तशी गाळणी या इंजिनांना सहसा नसते. धुराचा रंग बघायला सांगा. काळा असेल तर हवा कमी पडते किंवा डिझेल जास्त जातं: एअर फिल्टर तुंबलेला, नोझल बिघडलेला. निळसर असेल तर वंगणतेल जळतंय, आणि त्याबरोबर जस्तासारखे धातूही कणांवर बसतात. नोझल वेळेवर तपासून घेतला तर डिझेलही वाचतं. तांडेल माणसाला पैशाचं गणित लवकर पटतं, तेव्हा तिथूनच सुरुवात करा. धुराचा पाइप वर आणि माणसं बसतात त्याच्या उलट बाजूला काढता आला तर खलाश्यांचंही भलं होईल. बोटीवरचे कपडे घरी आल्यावर बाहेर पडवीत उतरवावेत, मुलाला कडेवर घ्यायच्या आधी. मुलाला बोट बघायला जरूर न्या, पण इंजिन सुरू व्हायच्या वेळी नाही. आणि उभं राहायचं ते वारा पाठीवर घेऊन, धुरापासून दूर.

सासूबाईंच्या बाजूने कोणीतरी एक कागद पुढे करील, म्हणून आधीच सांगते. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२ मध्ये डिझेल इंजिनाचा धूर पहिल्या गटात टाकला, म्हणजे माणसात कर्करोग करतो हे नक्की. घरात जाळलेल्या लाकूडफाट्याचा धूर त्याच्या खालच्या, ‘बहुधा करतो’ या गटात आहे. यावरून लाकूड सौम्य ठरत नाही. हे गट पुराव्याच्या खात्रीचे आहेत, विषाच्या ताकदीचे नाहीत. आणि दमा, खोकला, न्यूमोनिया यांचा तर त्या यादीशी संबंधच नाही.

आता चूल. माझं स्पष्ट मत: घरात दम्याचं मूल असताना रोजचा स्वयंपाक गॅसवरच व्हावा. पण सासूबाईंच्या हातून चूल एका दिवसात काढून घ्या असं सांगून मी घरात तंटा लावणार नाही. आधी आंघोळीच्या पाण्याची चूल बाहेर जाऊ दे. तिथेच सगळ्यांत ओलं जळण जातं: चुडतं, सोडणं, पावसात भिजलेला पाला. हंड्याखाली ती तासन् तास धुमसत राहतात. पेट घेईना म्हणून प्लॅस्टिकची पिशवी किंवा ट्यूबचा तुकडाही तिथेच सरकवला जातो. तो कधीच सरकवू नका, कुठल्याही चुलीत. क्लोरीन असलेलं प्लॅस्टिक जळलं की तयार होणाऱ्या संयुगांपुढे लाकडाचं डांबर परवडलं. परवडत असेल तर पाण्यासाठी सौर बंब घ्या. आपल्याकडे पावसाळा सोडला तर उन्हाची कमतरता नाही.

भाताची आणि पेजेची चूल राहणारच असेल तर ती धुमसू द्यायची नाही. आगोटीच्या आधी लाकडं बारीक फोडून पडवीत रचा, म्हणजे आषाढात ओलं लाकूड फुंकणीने पेटवायची वेळ येणार नाही. एका वेळी थोडी लाकडं घाला, म्हणजे मधून हवा खेळेल. पेटवायला करवंटीचे कोरडे तुकडे चांगले. टोप उतरला की निखारे राखेखाली धुमसत ठेवायची रीत मोडा, जळकी लाकडं ओढून अंगणात विझवा. आणि धुराडं काढा, पण त्याचं तोंड मुलाच्या खोलीच्या कौलांकडे नको. धुराड्याकडून किती मिळेल तेही सांगते. ग्वाटेमालात धुराड्याची चूल देऊन मोठी चाचणी झाली, २०११ मध्ये ती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. बाळांना मिळणारा धूर जवळपास निम्मा झाला, तीव्र न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने घटला, पण एकूण न्यूमोनियातली घट खात्रीने सिद्ध झाली नाही. अर्ध्या उपायाला अर्धंच फळ, आणि तुमच्या मुलाला पूर्ण हवं आहे. म्हणून चूल पेटलेली असताना तो माजघरातही नको, पुढच्या ओटीवर किंवा बाहेर. अभ्यासाची वही घेऊन चुलीपुढच्या उबेला बसणं तर नकोच.

गॅसवरही मासे तळताना तेल धुरायला लागलं की अतिसूक्ष्म कण होतात. तेव्हा खिडकी उघडी ठेवा आणि ज्योत पिवळी दिसली तर बर्नर साफ करून घ्या. डासांसाठी लावायची कॉइल बंद करून मच्छरदाणी लावा. २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघालेले बारीक कण वजनाने ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले होते. चैत्र-वैशाखात भाजावळीचे दिवस येतील तेव्हा शेजारच्या मळ्यात कधी आग लावणार ते आधी विचारून मुलाला त्या दिवशी आत्याकडे वगैरे पाठवा. तोंडावर पदर किंवा रुमाल बांधून हे कण अडत नाहीत. एन-९५ मास्कमध्ये मात्र ते अडकतात, कारण इतके लहान कण सरळ न जाता भिरभिरत तंतूंना जाऊन चिकटतात. अट एवढीच की मास्क चेहऱ्याला सगळीकडून घट्ट बसला पाहिजे. मोठ्यांचा मास्क मुलाला तसा बसत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी अंतर हाच उपाय. ह्यांना इंजिनाचं काम करताना तो जरूर द्या.

शेवटी तुमच्या पत्रातलं ते एक वाक्य, जे तुम्ही जाता जाता लिहिलंत: सासूबाईंचा सकाळचा खोकला जुनाच आहे. ताई, या घरातली सगळ्यांत जास्त काजळी त्यांच्या छातीत आहे. मुलगा सुट्टीला जेटीवर जातो, हे आठवड्याचे काही दिवस बोटीवर असतात, त्या मात्र लग्न होऊन आल्यापासून रोज दोन वेळा त्या वाशाखाली बसल्या आहेत. डॉ. साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये लॅन्सेटमध्येच मांडलं होतं की फुप्फुसाच्या नळ्या कायमच्या आवळणाऱ्या सीओपीडी या आजाराचं जगातलं सर्वांत मोठं कारण कदाचित तंबाखू नसून चुलीचा धूर असेल, कारण त्या धुरात जगणारी माणसं सुमारे ३०० कोटी, आणि धूम्रपान करणारी सुमारे १०० कोटी. चढण चढताना त्या थांबतात का, पाण्याची कळशी आणताना दम लागतो का, बघा. हा आजार लवकर ओळखला तर औषधाने श्वास सुसह्य होतो आणि धूर थांबवला तर पुढची घसरण मंदावते.

‘तुमच्यामुळे नातू आजारी पडतो’ असं त्यांना कोणी म्हणू नये. ते खोटंही आहे आणि त्याने चूल एक दिवसही लवकर बंद होणार नाही. नातवाच्या पुढच्या तपासणीला जाल तेव्हा त्यांनाही सोबत न्या आणि छातीच्या डॉक्टरांना फुंकून करायच्या चाचणीबद्दल, म्हणजे स्पायरोमेट्रीबद्दल विचारा. सिगारेट किती वर्षं ओढता, हे डॉक्टर पुरुषांना विचारतात. चुलीपुढे किती वर्षं बसलात, हे बाईला बहुतेक कोणी विचारत नाही, म्हणून ते तुम्हीच आपण होऊन सांगा.